वऱ्हाडातील ताटाचा इतिहास आणि आजचा संतुलित आहार

"दोन वेळा पोटभर जेवतो, तरी अशक्तपणा का?" असा प्रश्न अनेक रुग्ण विचारतात. पोट भरणे आणि आहार संतुलित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे समजून घ्यायला आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास फार उपयोगी पडतो.

शेतात मिश्र पीक, ताटात मिश्र आहार

तुमच्या आजीला विचारा, पूर्वी शेतात काय पेरत होते? ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद. कुठे जवस आणि तीळ, तर धुऱ्यावर अंबाडी. त्यामुळे बरे पिकले की ताटात भाकर, वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि ताक असे.

याला शास्त्रीय आधार आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते तुरीत भरपूर असते. डाळीत जे मेथिओनिन कमी पडते, ते धान्यातून मिळते. म्हणून भाकर आणि वरण एकत्र खाल्ले की प्रथिने जवळजवळ पूर्ण होतात. पालेभाजीतून लोह, तिळातून कॅल्शियम आणि जवसातून ओमेगा-3 मिळते.

कापूस आला, धान्य मागे पडले

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. 1860 च्या दशकात मलकापूर-शेगावमार्गे रेल्वे आली. खामगाव कापसाची मोठी बाजारपेठ होती, म्हणून 1870 मध्ये जलंब ते खामगाव असा खास फाटा टाकण्यात आला. कापसाने रोख पैसा आला, पण घरच्या धान्यावरचे अवलंबन कमी होऊन बाजारावरचे वाढले. 1899-1900 च्या दुष्काळात पाऊस गेला, धान्य महागले आणि मजुरांचे काम बुडाले. कापसाच्या या सुपीक मुलखात माणसे उपाशी राहिली.

फक्त भाकरीही पुरत नाही

मग जुने तेच सोने का? तसेही नाही. ताटात भाकर सोडून जवळजवळ काहीच नसेल तर काय होते, हे दख्खनच्या पठारावरील गरीब ज्वारीखाऊ लोकांमध्ये दिसले. त्यांना पेलाग्रा हा आजार होत असे. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळे खरखरीत चट्टे, जुलाब आणि मानसिक त्रास ही त्याची लक्षणे. हा नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार. हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या घटकाशी जोडला. या कारणावर पुढे वाद झाला, पण धडा कायम राहिला: ज्वारी चांगली, एकटी ज्वारी नाही.

आजचे ताट

गेल्या काही दशकांत जिल्ह्यात सोयाबीन पसरले आणि ज्वारी मागे हटली. सोयाबीन प्रथिनांनी भरलेले, पण ते विकले जाते. त्याचे तेल आपल्याकडे परत येते, पेंड मात्र कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो. डाळ, भाजी, दूध विकत घ्यावे लागते. त्यामुळे हात आखडतो तो नेमका याच गोष्टींवर. पूर्वी जो समतोल शेतातून आपोआप येत होता, तो आता ठरवून साधावा लागतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रौढांसाठी (2000 कॅलरी) दिलेले दिवसाचे ताट साधारण असे आहे (वजन कच्च्या पदार्थांचे):

- धान्य व भरडधान्य: 250 ग्रॅम
- डाळी-कडधान्ये: 85 ग्रॅम
- भाज्या (पालेभाजीसह): 400 ग्रॅम
- फळे: 100 ग्रॅम
- दूध किंवा दही: 300 मिली
- शेंगदाणे, तीळ, जवस इत्यादी: 35 ग्रॅम
- तेल-तूप: 27 ग्रॅम

मांसाहार करणाऱ्यांनी डाळीचा काही भाग अंडी, मासे किंवा मांसाने भरून काढावा.

तुम्ही काय करू शकता?

1. घरापुरते एक-दोन तास ज्वारी, तूर, मूग पेरा. जागा नसेल तर परसात अंबाडी, मेथी, शेवगा लावा.
2. रोज एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ घ्या. पातळ वरणात डाळ कमी आणि पाणीच जास्त असते.
3. जेवणात लिंबू पिळा. क जीवनसत्त्वामुळे भाजी-डाळीतील लोह चांगले शोषले जाते.
4. पेरू, पपई, सीताफळ, बोरे ही हंगामी फळे खा. महाग सफरचंदच हवे असे नाही.
5. बाईने सगळ्यांच्या शेवटी उरलेले खाऊ नये. भाजी-वरण आधी तेवढेच वाटून ठेवा.

मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर फळे, डाळी यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. थकवा, धाप, फिकटपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा ताटाकडे एकदा नीट बघा. पोळी-भाताशिवाय त्यात काय आहे ते मोजा, आणि जे नाही ते उद्याच्या बाजारच्या यादीत सर्वांत वर लिहा.