तळटीप : करपस

१२. करपस : हिब्रू बायबलमध्ये हा शब्द एकदाच आढळतो, एस्तेरच्या पुस्तकात (१:६). शूशनच्या राजवाड्यात अहश्वेरोश राजाने मेजवानी दिली, त्या वेळी लावलेल्या पडद्यांचे वर्णन तिथे आहे. हा राजा म्हणजे इराणचा पहिला झर्क्सीझ (इ. स. पू. ४८६–४६५), असे बहुतेक अभ्यासक मानतात. शब्दाचे मूळ संस्कृत ‘कार्पास’, म्हणजे कापूस. हिब्रूत तो बहुधा इराणी भाषांतून गेला. ग्रीक ‘कार्पासोस’ आणि लॅटिन ‘कार्बासुस’ याच कुळातले. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये मात्र त्याचे भाषांतर ‘हिरवे’ असे झाले आहे.

ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या ताटातली ‘करपस’ नावाची पालेभाजी वेगळी; ते नाव सेलरीवाचक फारसी ‘करफ्स’शी जुळते. वल्हांडणविधीची मराठी भाषांतरासह पोथी पुण्यात १८७४ साली छापली गेली होती. ती वाचणाऱ्या बेने इस्राएली (मराठीभाषक ज्यू) कुटुंबांच्या बोलीतला ‘कापूस’ आणि झाशीकडचा ‘कपास’ हे दोन्ही प्राकृत ‘कप्पास’चे वंशज.

प्रस्तुत प्रकरणातला झाशी जिल्ह्यातील मऊरानीपूरचा ‘खारुआ’, म्हणजे आल वनस्पतीच्या मुळांनी लाल रंगवलेले जाडेभरडे सुती कापड, कापसाच्या याच परंपरेतला. सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या आणि रंगवणाऱ्या हातांची नावे इतिहासाने राखली नाहीत; त्यांच्या मालाचे नाव मात्र एका धर्मग्रंथात टिकले. त्या श्रमांचे मोल वाचकांनी ओळखावे, म्हणून ही टीप विस्ताराने दिली आहे. — संपा.