अजिंठ्याचा छद्दंत हत्ती

संपादिकाबाईंनी स्मरणिकेसाठी काही तरी लिहाच म्हणून आग्रह केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेचे काही माझ्या हातून व्हायचे नाही. पण मंडळाच्या अजिंठ्याच्या सहलीत जे पाहिले आणि मागाहून वाचनालयातील पुस्तकांतून जे वाचले, ते भगिनींपुढे ठेवते.

ही लेणी पुन्हा उजेडात आली ती एका शिकारीमुळे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या दरीत आला, आणि झाडीतून त्याला एका लेण्याची कमान दिसली. ते आजचे दहावे लेणे. आत जाऊन त्याने रंगविलेल्या खांबावर आपले नाव कोरले. हे काही बरे केले नाही. पण नवल असे, की त्याच लेण्याच्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिताऱ्यांनी एका शिकाऱ्याचीच कथा रंगवून ठेवली होती.

ती छद्दंत जातकाची कथा. छद्दंत म्हणजे सहा सुळ्यांचा हत्ती, कळपाचा राजा. बुद्धाचाच तो पूर्वजन्म. त्याला दोन राण्या होत्या. एकदा त्याने फुललेला शालवृक्ष सहज हलविला, तर वाऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या धाकटीच्या अंगावर काटक्या, वाळकी पाने आणि मुंग्या पडल्या, व थोरलीवर फुले पडली! त्याच्या मनात काही नव्हते. पण धाकटीने ते मनाला लावून घेतले. झुरून ती मेली आणि काशीच्या राजाची राणी होऊन जन्मली. मग दुखण्याचे ढोंग करून तिने हट्ट धरला, की मला त्या हत्तीचे सुळे हवेत. शिकारी गेला, खड्ड्यात लपून त्याने विषारी बाण मारला. हत्तीला त्याला चिरडणे काय अवघड होते? पण शिकाऱ्याच्या अंगावर भगवे वस्त्र पाहून त्याने सोंड आवरली. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात, तेव्हा सोंडेत करवत धरून त्याने आपले सुळे आपणच कापून दिले.

आता चित्र पाहा. दहाव्या लेण्यातले पुष्कळ पुसट झाले आहे. सुमारे पाचशे वर्षांनी सतराव्या लेण्यात चिताऱ्यांनी हीच कथा पुन्हा रंगविली. ज्या राणीने सुळे मागविले, तीच ते समोर येताच मूर्च्छित होते. राजा तिला सावरतो आहे, दासींची धावपळ चालली आहे. चिताऱ्याने तिला राक्षसीण केलेले नाही. तिची मान कलली आहे ती पाहवत नाही.

तिथे माझ्या शेजारी आमच्या थोरल्या जाऊबाई उभ्या होत्या. सासूबाईंची हस्तिदंती कुंकवाची करंडी त्यांना मिळाली, म्हणून मी दोन वर्षे त्यांच्याशी धड बोलत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी भिंतीकडे पाहत राहिले. ती करंडी कोणाच्या तोंडातून निघाली असेल, हे मात्र त्या दिवसापर्यंत माझ्या मनातही आले नव्हते. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यात १९८६ साली झालेली दुरुस्ती यांमुळे आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, हे मी नंतर वाचले.

सतराव्या लेण्यातच दुसराही एक हत्ती आहे. राजाने त्याला पकडून आणले, पण तो गवताच्या काडीला तोंड लावीना. कारण रानात त्याची आंधळी आई उपाशी होती. राजाने त्याला सोडून दिले, आणि तो पुन्हा आईला भेटला. आपण मुलांना श्रावणबाळाची गोष्ट सांगतो, तसाच हा हत्ती! पहिल्या लेण्यातल्या एका खांबावर तर चार हरणांना मिळून एकच डोके कोरले आहे. मुले तिथून हलेनात.

या साऱ्यासाठी साहित्य काय, तर माती, भाताचे तूस, गवताचे तंतू यांचे लिंपण, वर चुन्याचा हात, आणि गेरू, काजळी, पिवळी माती असले रंग. निळा रंग मात्र दूरच्या प्रदेशातून येई.

मेजर गिलने १८४४ पासून कित्येक वर्षे येथे राहून या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळ आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेच्या ग्रिफिथ्ससाहेबांनी विद्यार्थ्यांकडून केलेल्या नकलांपैकीही कित्येक १८८५ च्या आगीत गेल्या. मग १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅम या बाई आल्या. नंदलाल बोस त्यांच्या मदतीला होते. एका बाईने त्या काळी रानात राहून, अंधुक उजेडात नकला केल्या, याचे मला फार अप्रूप वाटले.

परतीच्या गाडीत जाऊबाईंनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. दशम्या होत्या. मी दोन घेतल्या.