ब्रिटिश व अमेरिकन इंग्रजी : स्पेलिंग आणि शब्दभेद

ब्रिटन आणि अमेरिका या देशांतील प्रमाण इंग्रजीत स्पेलिंग व शब्दनिवड यांबाबत आढळणारे रूढ भेद. यांतला कोणताही प्रकार दुसऱ्याचा अपभ्रंश नाही. एकेकाळी शेजारीशेजारी नांदणाऱ्या रूपांपैकी एक इकडे टिकले, दुसरे तिकडे.

पार्श्वभूमी : सतराव्या शतकापर्यंत इंग्रजी स्पेलिंग सैल होते. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ मधील संग्रहात ‘ऑनर’ हा शब्द ‘यू’सह आणि ‘यू’शिवाय असा दोन्ही प्रकारे छापलेला आढळतो. १७५५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅम्युएल जॉन्सनच्या कोशाने ‘ऑनर’, ‘कलर’ यांतील ‘यू’ पक्का केला.

वेबस्टरचे कार्य : अमेरिकन वळण रुजवण्याचे श्रेय मुख्यतः नोहा वेबस्टर (१७५८–१८४३) या कनेटिकटमधील शिक्षकाकडे जाते. स्वतंत्र राष्ट्राला भाषेचे स्वतःचे प्रमाण हवे, अशी त्याची भूमिका होती. त्याचे १७८३ मधील स्पेलिंगचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शाळांत चालले. १८०६ मध्ये छोटा आणि १८२८ मध्ये सुमारे ७०,००० शब्दांचा द्विखंडी कोश त्याने काढला. ‘कलर’मधला ‘यू’ गेला, ‘सेंटर’च्या शेवटी ‘आर-ई’च्या जागी ‘ई-आर’ आले, ‘डिफेन्स’मध्ये ‘सी’च्या जागी ‘एस’ आला. ‘म्युझिक’च्या शेवटी जॉन्सनने राखलेला ‘के’ वेबस्टरने गाळला; तो पुढे ब्रिटननेही सोडला. मात्र ‘टंग’ हा शब्द ‘टी-यू-एन-जी’ असा उच्चाराबरहुकूम लिहिण्याची त्याची सूचना अमेरिकनांनीही स्वीकारली नाही. लोकांच्या सवयीत आधीच मूळ धरलेली रूपे तेवढी टिकली.

इतर स्पेलिंगभेद : ‘ट्रॅव्हलिंग’मध्ये ब्रिटिश दोन ‘एल’ लिहितात, अमेरिकन एक. ‘ऑर्गनाइझ’ ‘झेड’ने लिहिणे केवळ अमेरिकन समजले जाते, पण ते बरोबर नाही, ऑक्सफर्डचा कोशही ‘झेड’च पसंत करतो. ब्रिटनमध्ये कार्यक्रम या अर्थी ‘प्रोग्रॅम’ला शेवटी ‘एम-एम-ई’ लागते, संगणकाच्या संदर्भात मात्र तिथेही एकच ‘एम’ असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत ‘आय’ नसलेले आखूड रूप हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये वापरले होते. आज ते अमेरिकेत चालते, तर ब्रिटनमध्ये ‘आय’ असलेले.

शब्दभेद : मोटार व रेल्वे ही साधने दोन्हीकडे स्वतंत्रपणे रुळल्यामुळे त्यांची परिभाषा वेगळी झाली. ब्रिटिश ‘पेट्रोल’, ‘बॉनेट’, ‘लॉरी’ यांना अमेरिकेत अनुक्रमे ‘गॅस’, ‘हूड’, ‘ट्रक’ म्हणतात. ‘लिफ्ट’ म्हणजे तिकडे ‘एलेव्हेटर’, ‘टॉर्च’ म्हणजे ‘फ्लॅशलाइट’. शरद ऋतूसाठीचा ‘फॉल’ हा अमेरिकन शब्द मुळात इंग्लंडातलाच. तो तिथे मागे पडला. खरा घोळ होतो तो एकाच शब्दाचे अर्थ वेगळे असतात तेव्हा. ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे ब्रिटनमध्ये तळमजल्यावरचा मजला, अमेरिकेत सहसा तळमजलाच. सभेत प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे, अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धातील संयुक्त बैठकीत या एका शब्दावरून लांबलचक वाद झाल्याचे विन्स्टन चर्चिलने नोंदवले आहे.

भारतातील वापर : भारतातील शालेय व शासकीय इंग्रजी प्रामुख्याने ब्रिटिश वळणाचे आहे. मराठीतही पेट्रोल, लिफ्ट, टॉर्च हेच शब्द रुळले. ‘ट्रक’ मात्र अमेरिकन वळणाचा. संगणकांवर अनेकदा अमेरिकन स्पेलिंग आधीच निवडलेले असल्याने विद्यार्थ्याच्या बरोबर शब्दाखालीही लाल रेघ उमटते. अशा शब्दाला चूक ठरवणे अन्यायाचे आहे. एका लेखनात एकच पद्धत पाळणे, हाच योग्य दंडक होय. विशेषनामे मात्र मुळाप्रमाणेच लिहावीत : ‘पर्ल हार्बर’मध्ये ‘यू’ नाही, आणि ऑस्ट्रेलियात एरवी ‘लेबर’ ‘यू’सह लिहीत असले, तरी तेथील लेबर पक्षाच्या नावात तो नसतो.