मज्जारज्जूवरच्या तारेची कुळकथा

मणक्याचे ऑपरेशन होऊनही ज्यांची कंबर आणि पाय दुखतच राहतात, त्यांच्यासाठी आज स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर वापरतात. मज्जारज्जूला विजेचे बारीक ठोके देणारे हे यंत्र मुळात मात्र कंबरदुखीसाठी जन्मले नाही.

विजेने वेदना बधिर होते, हे फार जुने ज्ञान. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस पायाच्या सांध्याची आग शमवायला रुग्णाचा पाय जिवंत विजेच्या माशावर ठेवायला लावी, गुडघ्यापर्यंत बधिर होईतो. त्यामागचे कारण समजायला १९६५ साल उजाडावे लागले. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असते आणि स्पर्शाचे जाड मज्जातंतू जागे झाले की ते मिटू लागते. ठेच लागल्यावर बोट चोळले की बरे वाटते, ते यामुळेच.

हे दार विजेने मिटवता येईल का? १९६७ मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी ते करून पाहिले. रुग्ण सत्तर वर्षांचा, फुप्फुसाच्या कर्करोगाने गांजलेला. इलेक्ट्रोड थॉमस मॉर्टिमर या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने घडवलेला. वेदना उतरली, पण तो बसवायला मणक्याचे हाड कापावे लागले होते. मणक्याचे ऑपरेशन झालेल्यांच्या, आधीच एकदा कापलेल्या पाठीवर पुन्हा तेच करणे क्रूरच.

सत्तरच्या दशकात तार जाड सुईतून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवता येऊ लागली आणि उपायाचे रूपच पालटले. शिवाय आधी काही दिवस बॅटरी शरीराबाहेर ठेवून चाचणी घेता येते. आराम पडला तरच ती कातडीखाली बसवतात. पाठीच्या इतर शस्त्रक्रियांत सहसा अशी पूर्वपरीक्षा नसते, म्हणून ही सोय मोलाची.

ऑपरेशननंतर पाय दुखत राहणाऱ्या १०० रुग्णांवरच्या २००७ च्या अभ्यासात, सहा महिन्यांनी पायाची वेदना निम्म्याने वा अधिक कमी झालेले रुग्ण यंत्रासह ४८ टक्के होते, नेहमीच्या औषधोपचाराने ९ टक्के. मात्र यंत्राच्या मुंग्या जाणवत असल्याने ते चालू की बंद, हे रुग्णाला कळतेच. मुंग्या न आणणारे ठोके आल्यावर खरी तुलना शक्य झाली. नॉर्वेतील ५० रुग्णांच्या २०२२ च्या अभ्यासात असे यंत्र चालू असताना आणि बंद असताना रुग्णांच्या हालचालींतील अडचणीत फरक दिसला नाही.