खिडक्या परत आल्या, त्याची गोष्ट

मंडळी, ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास म्हटलं की गाडी बहुतेक वेळा गेट्स आणि जॉब्सच्या भांडणापाशी येऊन थांबते. मला मात्र २०१२ हे साल जास्त मजेशीर वाटतं. त्या वर्षी एका कंपनीने काढून टाकलेल्या खिडक्या परत आणल्या, आणि दुसरीने, जिच्या मालाचं नावच 'विंडोज' आहे, त्या जवळजवळ बंद करून टाकल्या!

सुरुवात जुलै २००९ ची. सुंदर पिचाई आणि लायनस अप्सन यांनी गूगलतर्फे क्रोम ओएसची घोषणा केली. विचार सरळ होता. माणूस दिवसभर ब्राउझरमध्येच असतो ना? मग बाकीचा पसारा हवाच कशाला? डिसेंबर २०१० मध्ये सीआर-४८ नावाचा काळा, बिनलोगोचा लॅपटॉप चाचणीसाठी लोकांना वाटला गेला. २ जीबी रॅम, १६ जीबीची डिस्क, आणि कॅप्स लॉकच्या जागी चक्क सर्चचं बटण. जून २०११ मध्ये सॅमसंग आणि एसरची क्रोमबुक्स बाजारात आली.

चालू केलं की काही सेकंदांत समोर काय, तर पडदाभर ब्राउझर. डेस्कटॉप नाही, वॉलपेपर नाही, टास्कबार नाही, मिनिमाइझ करायची सोय नाही. घड्याळ आणि बॅटरी टॅबच्या ओळीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. इंजिनियर म्हणून मला हे डिझाइन आजही देखणं वाटतं. काढून टाकायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

पण वापरायला? समजा एका मेलमधले आकडे बघून दुसऱ्या पानावर तक्ता भरायचाय. दुसरी खिडकी उघडता यायची, पण दोन्ही शेजारी शेजारी दिसायच्या नाहीत. म्हणजे आकडा वाचा, पाठ करा, बटण दाबून पलीकडे जा, टाइप करा, परत या. कॉम्प्युटर हलका झाला खरा, पण त्याचं ओझं वापरणाऱ्याच्या डोक्यावर आलं.

गंमत म्हणजे हा धडा जुनाच होता. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोज १.० मध्ये खिडक्या फरशांसारख्या एकमेकींना लागून बसायच्या, एकीवर दुसरी ठेवता येत नसे. १९८७ च्या विंडोज २.० मध्ये ती सोय आली. टेबलावरचे कागद आपण एकावर एक, थोडे सरकवून ठेवतो, कारण खालच्या कागदाचा डोकावणारा कोपराच आपल्याला 'हे काम राहिलंय' असं सांगत असतो.

गूगलही शेवटी तिथेच आलं. एप्रिल २०१२ मध्ये 'ऑरा' नावाची नवी रचना चाचणीच्या आवृत्तीत आली आणि मे महिन्यात सॅमसंगच्या नव्या क्रोमबुकबरोबर सगळ्यांसमोर. हलवता येणाऱ्या खिडक्या, खाली अॅप्सची पट्टी, मागे वॉलपेपर. 'हे तर पुन्हा विंडोजच झालं की राव!' अशी टीकाही झाली. पण माझ्या मते टीकाकारांचा नेम चुकला. हलकेपणा रिकाम्या पडद्यात नव्हताच. तो होता पोटात: सिस्टिमचा भाग फक्त वाचता येणारा, चालू होताना त्याची तपासणी, आणि अपडेट दुसऱ्या पार्टिशनवर गुपचूप तयार होऊन पुढच्या स्टार्टला लागू. यातलं काहीही ऑरामुळे गेलं नाही.

त्याच ऑक्टोबरात विंडोज ८ आलं, उलट्या दिशेने. पडदाभर पसरणारी अॅप्स, आणि स्टार्ट बटण गायब. जुना डेस्कटॉप होता, पण एका चौकोनामागे. कॉम्प्युटर बंद करायचा तर माउस कोपऱ्यात नेऊन लपलेली पट्टी बाहेर काढायची. पुढे २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परत आलं, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेनूही.

हे सगळं मला एवढं का खुपतं? कारण आमच्या धंद्यात नवं डिझाइन कोणाला जमलं नाही की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'युजरला सवय होईल.' बँकेतल्या काउंटरवर नवीन स्क्रीन आलेली असते, रांग वाढते, आणि शिव्या कोण खातं? तर समोर बसलेला पन्नाशीचा क्लार्क. वर 'यांना कॉम्प्युटर येत नाही' हा शिक्का. प्रत्यक्षात त्याच्या हाताला वीस वर्षांत लागलेलं वळण आपण एका रिलीजमध्ये मोडलेलं असतं.

ऑराची गोष्ट मला यासाठी आवडते. कंपनीने वर्षभरात पाहिलं की लोकांना दोन गोष्टी शेजारी ठेवून काम करायचंय, आणि आपल्या लाडक्या तत्त्वाला मुरड घातली. असो. पुढच्या वेळी डिझाइनच्या मीटिंगमध्ये कोणी 'हे काढून टाकू, स्वच्छ दिसेल' म्हणालं, तर एवढंच विचारा: ते काम आता कोण करणार, मशीन की माणूस?