बडोद्याची अरब शिबंदी
बडोदे शहराच्या उत्तरेस, फतेगंजाच्या बाजूस, इंग्रजांची छावणी वसली. तिचे कारण शहरकोटाच्या आत शोधावे लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस गायकवाडांच्या पदरी निवडक अरब शिबंदी होती. पराक्रमात अग्रेसर, पण पगार सदैव थकलेला. दरबाराच्या शब्दावर कोणाचा विश्वास उरला नव्हता, म्हणून करारमदारांस अरब जमादार जामीन राहत. या जामिनकीस 'बहांदरी' म्हणत. जो राज्याचा जामीन, तोच हळूहळू राज्याचा धनी होऊन बसला. १८०२ मध्ये दुर्बळ आनंदराव महाराज आपल्याच पहारेकऱ्यांच्या कैदेत पडले. इ. स. १९३ मध्ये रोमच्या अंगरक्षकांनी तर सम्राटपदच लिलावात विकले होते, रोग तोच.

त्या डिसेंबरात इंग्रज फौजेने सुमारे दहा दिवस शहरास वेढा दिला. अरब शरण आले. त्यांच्या साडेसतरा लाखांच्या थकबाकीसाठी दरबाराने नवे कर्ज काढले. १८०५ च्या तहाने ३,००० तैनाती पायदळाच्या खर्चापोटी ११,७०,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीकडे गेला. बहांदरीही आता कंपनीचीच झाली. पहारा बदलला, किल्ल्या मात्र महाराजांच्या हाती आल्या नाहीत.