स्वस्त हेडफोन महाग का पडतो?

हा एपिसोड बहुतेक जण हेडफोनमध्येच ऐकत असणार, आणि आजचा विषयही तोच. मोहोपाड्यात पहिला पगार झाला की मोबाइलच्या दुकानात प्रश्न पडतोच: पैसे आवाजाला मोजायचे की मजबुतीला? चला, इतिहासात डोकावू.

सुरुवातीला भांडण फक्त आवाजाचं होतं. १९१० मध्ये अमेरिकन नौदलाने नथॅनियल बाल्डविनचे हेडफोन घेतले, ते वायरलेसचे क्षीण सिग्नल ऐकू यावेत म्हणून. १९५८ मध्ये जॉन कॉसने स्टिरिओ हेडफोन आणला आणि संगीत कानाशी आलं. पण वजन? पुढची वीस वर्षं हेडफोन म्हणजे घरात बसून ऐकायची गोष्ट.

१ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन आला, किंमत ३३,००० येन. त्याआधीचे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असायचे, सोनीने ते वजन ५० ग्रॅमच्या आसपास आणलं. १९८४ मध्ये कॉसचा पोर्टा प्रो आला. तो जवळपास त्याच डिझाइनमध्ये आजही विकला जातो! म्हणजे बघा, एक चुंबक, एक कॉइल, एक पातळ पडदा, यातून कमी पैशात चांगला आवाज काढायचं कोडं चाळीस वर्षांपूर्वीच बऱ्यापैकी सुटलं होतं.

मग बिघडतं काय? वायर. तीही नेमकी पिनपाशी. १९८८ च्या सेनहायझर एचडी २५ चं यावरचं उत्तर साधं होतं: वायर, पॅड, पट्टी, सगळं सुटं मिळतं. तुटलं की तेवढंच बदला. डीजे मंडळी तो अजून वापरतात.

आता २०१६ कडे या. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. ज्या रिलायन्सचा पाताळगंगेचा कारखाना आपल्या शेजारी १९८० च्या दशकापासून आहे, तिचंच. डेटा स्वस्त झाला आणि सगळा देश कानात काहीतरी घालून फिरू लागला. दोनच दिवसांनी ॲपलने हेडफोनची पिन नसलेला आयफोन ७ दाखवला, डिसेंबरमध्ये एअरपॉड्स आले. त्याच सुमारास बोट हा भारतीय ब्रँड बाजारात उतरला, आणि त्याचा सुरुवातीचा गाजलेला माल हेडफोन नव्हता, तर सहज न तुटणारी चार्जिंग केबल होती. लोक मजबुतीला पैसे मोजतात, हे तिथेच दिसलं.

वायर गेली, पण दुखणं बॅटरीत शिरलं. आयफिक्सिटने एअरपॉड्सना दुरुस्तीसाठी १० पैकी ० गुण दिले, कारण बॅटरी आत चिकटवलेली. दहा हजारांचा असो वा हजाराचा, लिथियमची बॅटरी म्हातारी होतेच.

म्हणून हिशेब महिन्यांचा करा. समजा ३०० चा इअरफोन तीन महिने टिकला, तर महिना १०० रुपये. १,५०० चा तीस महिने चालला, तर ५०. विकत घेताना पिनपाशी रबरी आवरण आहे का बघा, पॅड सुटे मिळतात का विचारा, सर्व्हिस सेंटर पनवेलला आहे की कुरिअरच करावं लागेल तेही विचारा. आणि कानात नीट बसणारं रबर निवडा. फट राहिली की बेस गळतो, मग आतला स्पीकर कितीही भारी असू दे.

आवाजाचं कौतुक बॉक्सवर छापलेलं असतंच. किती टिकेल ते मात्र आपणच विचारायचं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!